तीन एकर काळं रान: भातामागं मसूर ठेवावा की ऊस लावावा?

शिवारातला (बेळगाव तालुका)

नमस्कार मंडळी. विचारायचं आहे ते माझ्या तीन एकरांबद्दल, खरं त्यात बाकीचं बरंच गुंतलंय, म्हणून जरा लांबण लावतो. वाचून घ्या.

रान येळ्ळूर-वडगाव-शहापूरच्या काळ्या पट्ट्यातलं. हा भाग ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथं पावसाळ्यात भात, आणि भात कापलं की त्याच ओलीवर मसूर. कुणी हरभरा करतं, कुणी वाटाणा, कुणी थोडा शाळू. भाताचे भारे बांधावर गेले की एक कुळवाची पाळी द्यायची आणि कुरीनं मसूर पेरून मोकळं व्हायचं. त्यानंतर पाण्याचा एक थेंब द्यायचा नाही. जमिनीत मुरलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर फेब्रुवारीत पीक घरात येतं. आमचे आप्पा ७८ वर्षांचे आहेत. अजून पेरणीआधी ते रानात जाऊन माती मुठीत दाबून बघतात. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला तर पेरा म्हणतात. चिकटूनच राहिला तर दोन दिवस थांबा. भुगाच झाला तर उशीर झाला, आता घाई करा. मी मोबाईलवर हवामान बघतो, खरं पेरणीचा दिवस अजून आप्पांच्या मुठीवरच ठरतो.

आता अडचण. तीन वर्षांमागं उत्तरेच्या शेजाऱ्यानं बोअर मारली आणि ऊस लावला. गेल्या वर्षी पश्चिमेकडच्यानंही लावला. त्यांचं रान त्यांनी कसं करावं हे मी सांगणारा कोण? दोघंही भले आहेत, अडीनडीला धावून येतात. पण उसाला पाणी सोडलं की बांधातून पाझर माझ्या रानात उतरतो. मसुराला पाय ओले चालत नाहीत. बांधालगतचे दहा-बारा गुंठे पिवळे पडले आणि फुलावर यायच्या आधीच गेले. राहिलं त्यावर पाखरं. पूर्वी सगळं शिवार मसुराचं असायचं तेव्हा पाखरं खाऊन खाऊन किती खाणार, सगळ्यांचं थोडंथोडं जायचं. आता आसपास दहा एकरांत मसूर म्हणजे माझाच. होले, राघू आणि सकाळी मोर, सगळे माझ्याकडंच. उसाच्या आडोशानं डुकरंही यायला लागलीत. तीन एकरांत नऊ-दहा क्विंटल मसूर व्हायचा, यंदा साडेचार झाला. मळणीचं मशीनवाला म्हणाला, एवढ्याशासाठी एवढ्या लांब येणं परवडत नाही. शेवटी ट्रॅक्टर फिरवून मळणी केली.

धाकटा भाऊ उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. तो म्हणतो, अण्णा, आता बास, आडसाली ऊस लावून टाकू. त्याचा हिशेब असा. एकरी चाळीस टन ऊस, टनाला तीन हजार तीनशे धरले तर एक लाख बत्तीस हजार. सोळा ते अठरा महिने लागतात आणि खर्च पन्नास-साठ हजार जातो, तरी उरतात. पुढं खोडव्याला, म्हणजे तुटल्या बुडख्यातनं परत फुटणाऱ्या उसाला, बेण्याचा आणि लागणीचा खर्च नाही. माझ्या भाताचे एकरी चाळीस-बेचाळीस हजार आणि चांगल्या वर्षी मसुराचे बावीस-तेवीस. त्यातही बळ्ळारी नाल्याचं पाणी फुगून रानात आलं की भात कुजतं, मग दुबार लावण करायची. हिशेबात भाऊ बरोबर आहे. मी त्याच्याशी वाद घालू शकलो नाही.

मग माझा पाय का अडतोय ते सांगतो. मार्चमध्ये दोन पोती मसूर घेऊन रविवार पेठेत गेलो होतो. दुकानात माझं पोतं उघडलं, शेजारीच दुसरं एक पोतं उघडं होतं. व्यापाऱ्यानं दोन्हीतली एकेक मूठ माझ्या तळहातावर ठेवली. आमचा मसूर बारीक, काळपट तपकिरी, कुठं ठिपका, कुठं मातीचा कण. दुसरा ठसठशीत, चपटा, सगळे दाणे एका मापाचे, जसे काही यंत्रातून पाडलेत. ‘हा कॅनडाचा,’ तो म्हणाला. ‘डाळीला हाच जातो. तुमचा आमटीसाठी मागणारी जुनी गिऱ्हाईकं आहेत, ती दर जास्त देतात, खरं वर्षाला किती पोती येतात आता तुमच्या भागातनं?’ पूर्वी त्याच्याकडं गाड्या लागायच्या म्हणे. मला काही बोलता येईना. सात समुद्रापलीकडनं मसूर बेळगावात येतोय आणि मसुराच्या रानात मी ऊस लावायचा विचार करतोय.

घरी येऊन आकडे काढत बसलो. १९५१ साली देशाची लोकसंख्या ३६ कोटी होती, आता १४० कोटींच्या पुढं, म्हणजे चौपट. गहू तेव्हा ६५ लाख टन पिकायचा, आता ११ कोटी टनांवर, सतरापट. तांदूळ सातपटीच्या आसपास. आणि डाळी-कडधान्यं? ८४ लाख टनांवरून २०२३-२४ मध्ये २४२ लाख टन. तिप्पटसुद्धा नाहीत. खाणारी तोंडं चौपट झाली आणि डाळ तिप्पट झाली नाही. जगात सगळ्यात जास्त कडधान्य पिकवणारा देश आपला, खाणारा आपला आणि बाहेरून आणणाराही आपलाच. त्या एका वर्षात सुमारे ४७ लाख टन आणलं.

आपल्या जिल्ह्याचंच बघा. २००१ ला ४२ लाख माणसं होती, २०११ ला पावणे अठ्ठेचाळीस लाख. आज किती असतील ते रविवारी बाजारात फिरून बघा. आणि भातमळणीची खळी होती तिथं प्लॉट पडलेत.

तर प्रश्न असा. आजूबाजूला ऊस झाल्यावर मधल्या रानात कुणी मसूर, हरभरा टिकवलाय का? पाझर आणि पाखरं यावर काय केलंत? आणि टिकवून उपयोग आहे का, की माझं हे भावनेचं चाललंय? जूनअखेर ठरवायचं आहे.

कृष्णाकाठ (अथणी तालुका)

दादा, मी ऊसवाला. सात एकर, नदीच्या काठाला. तुमचा प्रश्न मनाला लागला म्हणून बाजू सांगतो, राग मानू नका.

लोक म्हणतात शेतकऱ्याला उसाची चटक लागली. चटक कसली? दुसरं कुठलं पीक असं आहे की ज्याचं गिऱ्हाईक आधी ठरलेलं आहे? उसाला १९६६ चा नियंत्रण आदेश आहे, एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, कायद्यानं ठरते, चौदा दिवसांत पैसे द्यायचं बंधन आहे. ते चौदा दिवस पाळले जात नाहीत, त्यासाठी रस्त्यावर बसावं लागतं हे खरं. २०२५ च्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसला आम्ही टनाला साडेतीन हजारांसाठी बसलो, तेहतीसशेवर मिटलं. खरं बसायला जागा तरी आहे. मसुराला आधारभूत किंमत आहे, पेपरात छापून येते. ती द्यायला बसलेला माणूस तुमच्या गावात कुठं आहे? मसुराचे पैसे बुडाले तर कुठल्या रस्त्यावर बसणार?

दुसरं म्हणजे पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडं पाणी आलं ते दहा दिवस हललं नाही. सोयाबीन, भुईमूग, भाजी सगळं सडलं. ऊस शेंड्यापर्यंत गाळात माखला, तरी त्यातला निम्मा उभा राहिला. त्या वर्षी घर चाललं ते उसावर.

आता हे सांगून झाल्यावर दुसरंही सांगायला पाहिजे. सातातले दीड एकर माझे गेले. वडिलांच्या काळापासून ऊसावर ऊस, पाटाचं पाणी फुकटासारखं म्हणून रात्रभर सोडून द्यायचं. आधी जमीन जड झाली, मग वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येईना, मग उन्हाळ्यात वर पांढरं मीठ दिसायला लागलं. आता तिथं लव्हाळाच येतो. शेजारच्या गावांत काहींनी जमिनीखालून सच्छिद्र पाइप घालून पाणी काढलं, त्यांची रानं सुधारलीत. मीही करणार आहे, पण खर्च मोठा आहे आणि खालचा शेतकरी पाणी उतरवून घ्यायला तयार पाहिजे. तुमची काळी जमीन आमच्याहून भारी. तिला बोअरचं पाणी वर्षभर दिलं तर काय होईल ते माझ्या दीड एकरात येऊन बघा. अथणीत उतरून फोन करा, मी न्यायला येतो.

शिवारातला

दादा, राग कसला. तुम्ही म्हणता ते गिऱ्हाईकाचं पटलं. माझ्या डोक्यात सगळं पाण्याचं आणि पाखरांचं होतं, विकणाऱ्याच्या बाजूनं मी एवढा विचार केला नव्हता. तुमच्याकडं नक्की येतो. आप्पांनाही घेऊन येतो, मिठाचं रान त्यांनी बघावं असं वाटतं.

निपाणीकर

आमच्याकडं याहून वेगळी तऱ्हा. आमच्या आजोबांनी उभा जन्म तंबाखू केली. उत्तम काळी जमीन, आणि पिकवायचं काय तर बिडीची तंबाखू. १९८१ साली शरद जोशींच्या मागं शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर दरासाठी बसले, गोळीबार झाला, माणसं गेली. आमच्या घरात अजून त्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो. काळम्मावाडी धरणाचं पाणी दूधगंगेला आलं तशी तंबाखू मागं पडली आणि ऊस, सोयाबीन आलं. सोयाबीनचं तेल निघतं, पेंड कोंबडीला जाते. ऊस साखरेला आणि आता पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉललाही. या सगळ्यात आमच्या ताटात थेट काय येतं, तर काही नाही. जोंधळा आम्ही विकत आणतो. ज्या रानात आजी जोंधळ्यात तूर, मूग, चवळीच्या ओळी टाकायची तिथला शेतकरी पंधरवड्याला दुकानातनं डाळ आणतो.

माझं मत विचाराल तर मसूर सोडू नका. हरभऱ्याची गोष्ट सांगतो. ऊस तुटला की खोडवा न ठेवता एक हंगाम हरभरा घेतो, त्याची बेवड, म्हणजे मागं राहणारा जमिनीचा कस, पुढच्या उसाला इतकी चांगली लागते की खत निम्म्यावर येतं. हे करणारे आमच्या गल्लीत आता सहाजण आहेत.

आशाताई, खानापूर

मी आशा कार्यकर्ती. शेती थोडी आहे, डोंगराकडची. दादांनी लोकसंख्येचे आकडे दिले म्हणून लिहावंसं वाटलं, कारण ती तोंडं मी रोज बघते.

आमच्या भागात कोणी उपाशी झोपत नाही. रेशनचा तांदूळ आहे. २०२३ च्या जुलैपासून जादा पाच किलोच्या बदल्यात माणशी १७० रुपये यायचे, मग २०२५ मध्ये परत तांदूळ सुरू झाला. तो तांदूळ नसता तर आमच्या कितीतरी घरांचं काय झालं असतं, हे मला माहीत आहे, त्याला नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. खरं घरात जाऊन बघितलं तर सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. वर पातळ सार. पोट भरतंय, अंग भरत नाही. गरोदर बाई येते, पापणी खाली ओढून बघितली की आत पांढरी फट्ट. गोळ्या देते, काही घेतात, काही उलटी होते म्हणून ठेवून देतात. देशाच्या पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत सत्तावन्न जणींना रक्त कमी आलं होतं. माझ्या वहीत त्याहून कमी निघत नाही.

पूर्वी आमच्याकडं वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, रानात नाचणा असायचा. पावसाळ्यात रोप लावायचं, दिवाळीला कणसं खुडायची. सकाळी नाचण्याची आंबील, वर कुळथाचं पिठलं. आता नाचणा कोण करतो? गवे येतात, रानडुकरं येतात. माळा घालून रात्रभर राखण करायची तर घरात तरणं माणूस पाहिजे, आणि तरणी माणसं सगळी गोव्याला कामाला. म्हातारा-म्हातारी किती रात्री जागणार? रान पडीक टाकलं, नाहीतर काजू लावला. काजूला राखण कमी.

तुमच्या पाखरांचं वाचलं आणि मला आमचे गवे आठवले. आमचा नाचणा एका वर्षात गेला नाही. आधी वरच्या वाडीतल्या दोघांनी सोडला. मग उरलेल्यांवर जनावरं जास्त आली, मग आणखी चौघांनी सोडला. शेवटी सासूबाई एकट्या करायच्या. ज्या वर्षी त्यांनी सोडला, त्या वर्षी वाडीतला नाचणा संपला. त्यांनी बियाणं दोन वर्षं मडक्यात ठेवलं होतं. तिसऱ्या वर्षी त्याला किडा लागला आणि मी ते कोंबड्यांना टाकलं. आज त्याचं फार वाईट वाटतं.

म्हणून दादा, एकट्यानं टिकवायला जाऊ नका. तुम्ही एकटे राहिलात तर दोन वर्षांत थकाल आणि मग ऊसच लावाल. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आताच गोळा करा.

निवृत्त कृषी सहायक

तीस वर्षं याच भागात काम केलं, शिवार ओळखीचं आहे. मुद्द्याचं तेवढं लिहितो.

पाझर. उसाच्या बांधालगत दोन-अडीच फूट खोल चर काढा आणि तो नाल्याच्या उताराला नेऊन सोडा. चर शेजाऱ्याच्या बाजूनं काढला तर उत्तम, त्याच्या उसालाही फायदा आहे, मुळाशी पाणी साचत नाही. त्याला ठिबकवर यायला सांगा. पाटानं पाणी सोडलं की उसाला लागतं त्याहून बरंच जास्त रानात मुरतं.

बियाणं. गावठी मसूर एकरी पंधरा-सोळा किलो पुरतो. पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, पाचव्या-सहाव्या दिवशी किती मोडले ते मोजा. ऐंशीच्या खाली असेल तर बी वाढवा. बियाला रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर नत्राच्या गाठी आणणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट लावूनच पेरा, रयत संपर्क केंद्रात आधी चौकशी करून ठेवा, ऐनवेळी संपलेलं असतं. पस्तीस-चाळीस दिवसांनी एक रोप हलकेच उपटून मुळं बघा. गाठ नखानं फोडली आणि आत गुलाबी निघाली तर ती कामाला लागली आहे. तोच नत्र पुढच्या भाताला मिळतो. तुमच्या आजोबा-पणजोबांच्या भाताला खत कमी लागायचं त्यात या गाठींचा मोठा हात आहे. मसूर गेला तर भाताचा युरियाही वाढेल, हे भावाच्या हिशेबात धरलंय का विचारा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. नोकरीत असताना मी एकेका शेतकऱ्याला पीक सांगत फिरलो. ही चूक होती. मसूर हे शिवाराचं पीक आहे. पूर्वी भात कापल्यावर सगळं शिवार एकाच आठवड्यात पेरलं जायचं, म्हणून जनावरांची मोकळी चराई एकाच दिवशी बंद व्हायची, राखण एकच पुरायची, मळणी एका रांगेत व्हायची. ती घडी मोडली की चांगल्यातला चांगला शेतकरीसुद्धा हरतो. ताईंनी बरोबर सांगितलं. वीस-पंचवीस एकर एका चकल्यात, म्हणजे लागून असलेल्या एका पट्ट्यात, जमत असतील तर करा. सुट्ट्या तीन एकरांत करू नका, असा सल्ला द्यायला मला जड जातंय, पण तोच देतो.

विक्रीचं. रविवार पेठेतल्या व्यापाऱ्यानं जुनी गिऱ्हाईकं आहेत म्हटलं ना? मग पोत्यानं देऊ नका. निवडून, चाळून, एक-दोन किलोच्या पिशव्या करा. शहापूर, अनगोळ, टिळकवाडीतल्या आणि पुण्या-मुंबईत गेलेल्या बेळगावकरांना हाच मसूर पाहिजे असतो. कॅनडाच्या मसुराशी दरानं लढता येणार नाही, चवीनं येतं.

कृष्णाकाठ (अथणी तालुका)

साहेबांनी युरियाचं लिहिलं ते लाखमोलाचं. आमच्या हिशेबाच्या वहीत जमीन किती थकली याचा रकानाच नव्हता.

शिवारातला

मंडळी, बारा दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचं उत्तर आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ताईंच्या नाचण्याच्या बियाणाचं ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, मला अथणीला ने.

गेल्या गुरुवारी जाऊन आलो. कृष्णाकाठचे दादा स्टँडवर उभेच होते. त्या दीड एकरात आप्पा चप्पल काढून आत गेले, मूठभर माती घेतली, दाबली, हुंगली आणि जिभेला लावली. थुंकून म्हणाले, ‘खारट.’ दुसरं काही बोलले नाहीत. परत येताना गाडीत भावाला फोन लावला आणि संध्याकाळी घरी ये म्हणाले. वैनींनी दिलेल्या काकवीबद्दल आभार, पोरांनी दोन दिवसांत संपवली.

शनिवारी रात्री मारुतीच्या देवळात बसलो. पंधरा घरांना सांगितलं होतं, अकराजण आले. नाला आणि जुनी गाडीवाट यांच्या मधला जो चकला आहे तिथले नऊजण यंदा भातामागं मसूर करायला तयार झाले. बावीस एकर होतात. दोघं नाही म्हणाले. एकाच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला उसाच्या बिलाचाच आधार आहे. त्याला कुणी आग्रह केला नाही. जनावरं एकाच दिवशी बंद करायची हे ठरलं. राखणीला आमच्यातलेच एक काका सकाळ-संध्याकाळ फिरणार, प्रत्येक एकरामागं त्यांना धान्य द्यायचं. किती द्यायचं यावर तासभर घोळ झाला, शेवटी एकरी दोन पायली.

उत्तरेचा शेजारी चर काढायला तयार आहे, जेसीबीचा खर्च अर्धा अर्धा. पश्चिमेकडचा अजून ‘बघू’ म्हणतोय. मी परत जाईन त्याच्याकडं.

भावाचंही सांगायला पाहिजे. तीनातला एक एकर त्याच्या वाट्याचा, उत्तरेच्या बांधालगतचा. तो त्यानं उसालाच ठेवलाय. त्याच्या पोरीची इंजिनिअरिंगची फी आहे, मी काय बोलणार? मसूर माझ्या दोन एकरांत. ऊस तुटल्यावर खोडवा न ठेवता एक हरभरा घेऊन बघतो असं तो स्वतःहून म्हणाला. निपाणीकरांचं वाचलं होतं त्यानं.

आता मदत पाहिजे ती बियाणाची. बावीस एकरांना साडेतीनशे किलो लागणार. घरचं बी साठ किलो आहे. साहेबांनी सांगितलं तसं शंभर दाणे गोणपाटात ठेवले, एक्क्याऐंशी मोडले. बाकीच्यांकडं मिळून शंभरभर निघेल. उरलेलं जुनं गावठी बीच पाहिजे, बाजारातलं नको. पेरणी नोव्हेंबरात आहे, खरं आता घेऊन ठेवलं नाही तर लोक आमटीला संपवतील. कुणाकडं असेल तर दर सांगा.

हलग्याची सून

आमच्या घरी आहे. मामंजी गेल्यापासून आम्ही पेरला नाही, खरं त्यांनी राखेत घालून ठेवलेली दोन वर्षांपूर्वीची कणगी तशीच आहे. साठ-सत्तर किलो असेल. आधी थोडं नेऊन उगवण बघा, मोडलं तर सगळं न्या. दर नको, मसुराच्या सुगीला चार पायली नवा मसूर आणून द्या. रविवारी सकाळी या. येताना चाळण आणा, राख बरीच आहे.